दहा सुतांचं दार

"भोक सव्वा इंच पाहिजे," म्हटल्यावर मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, फळीवर एक छोटा गोल काढला आणि माझ्याकडे बघितलं. "दहा सूत? एवढ्याशा भोकातनं काय जाणार वो?"

"चिमणी."

"मग जरा मोठं पाडतो की. बिचारीला अडचण नको."

पक्ष्यांसाठी घराला खोका लावणाऱ्या माणसाचे पैसे इथंच पाण्यात जातात, या 'बिचारी'पायी. दहा सूत म्हणजे ३२ मिलिमीटर. एवढ्या भोकातून चिमणी सहज आत जाते आणि साळुंकी खांद्याशी अडते. तेच भोक दोन-सव्वादोन इंचांचं झालं की खोका साळुंकीचा झाला समजा. तीन इंचांवर गेलात तर पिंगळा डोकावू लागतो. खोका तुमचा, भिंत तुमची, पण भाडेकरू कोण हे भोक ठरवतं. ब्रिटनमधली बीटीओ ही पक्षिअभ्यासाची जुनी संस्था घरचिमणीसाठी हेच ३२ मिलिमीटरचं माप सांगते. आपल्या मिस्त्रींच्या फुटपट्टीवर ते बरोबर दहा सूत भरतं.

माझा पहिला खोका मी ऑनलाइन मागवला होता, साडेपाचशे रुपयांना. लाल कौलारू छप्पर, पिवळा रंग, पुढं बसायला गोंडस दांडी. भोक मोजायचं तेव्हा डोक्यातही आलं नाही. पंधरा दिवसांत साळुंक्यांनी ताबा घेतला. गवत, वेफरच्या पाकिटाचा चकचकीत तुकडा, सुतळी, सगळं आत गेलं. पिल्लं मोठी होऊन भोकाशी तोंड काढू लागली आणि एका सकाळी त्याच दांडीवर कावळा येऊन बसला. पुढचं सांगत नाही. दांडी ही माणसाच्या डोळ्यांसाठी असते. भोकात राहणाऱ्या पक्ष्याला तिची गरज नसते, ती उपयोगी पडते ती शिकाऱ्याला.

आमच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत खोक्याची गरज का पडते, हे घराच्या छपराकडे पाहिलं की कळतं. घोडनदीकाठची, भीमाकाठची जुनी घरं माळवदाची होती. वाशांच्या फटी, मातीच्या भिंतीतले कोनाडे, देवाच्या तसबिरीमागची जागा, या सगळ्यात चिमण्या राहायच्या आणि त्याबद्दल कुणी काही म्हणायचं नाही. माळवद गेलं, स्लॅब आला. स्लॅबला फट नसते. दाणे आहेत, गोठा आहे, किडे आहेत, पण अंडी घालायला जागा नाही, अशी इथली अडचण आहे. शहरातल्यासारखा 'चिमणी संपली' हा गळा इथं काढायचं कारण नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२० च्या अहवालातही देशभराचा विचार करता चिमणीची संख्या साधारण टिकून असल्याचं आणि घट मोठ्या शहरांत दिसत असल्याचं म्हटलं होतं. तेव्हा कुणी जिवाला घोर लावून खोका विकत असेल तर हसून पुढं जा. खोका लावायचा तो बघण्यासाठी. सकाळचा चहा घेताना दहा फुटांवर एक संसार चाललेला असतो, हे कारण पुरेसं आहे.

लाकूड, मजुरी आणि भंगार

सगळ्यात स्वस्त खोका मडक्याचा. कुंभाराकडं लहान मडकं साधारण ४० ते ८० रुपयांना मिळतं. मात्र भाजलेल्या मडक्याला घरी भोक पाडायला जाल तर तीनांतली दोन फुटतील. कुंभारालाच आधी सांगून ठेवा. माती ओलसर असताना तो सुरीनं सव्वा इंचाचा गोल कापून देतो. मडकं आडवं, तारेच्या दोन वेढ्यांत घट्ट बांधायचं, वाऱ्यानं हललं तर पक्षी येत नाही. तोटा एकच, साफ करता येत नाही. दोन हंगामांनी फेकायचं.

लाकडी खोक्याला सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड आणि पाच फूट लांब अशी एक फळी पुरते. मागची बाजू १२ इंच, पुढची ९, दोन्ही कडेच्या ९-९, तळ साडेचार आणि छप्पर ९. कडेच्या फळ्या पुढच्या-मागच्या फळ्यांच्या मध्ये बसवल्या की आत साडेचार बाय सहा इंचांची खोली तयार होते आणि छप्पर पुढं दोन इंच येतं. भोकाचा मध्य तळापासून सहा इंचांवर. त्याहून खाली घेतला तर मांजराचा पंजा आत पोचतो. तळाला दोन-दोन सुतांची चार भोकं, छपराखाली हवेसाठी बारीक फट. भोकाखाली आतल्या बाजूनं रंधा मारू नका, खरखरीत राहू द्या, पिल्लांना त्यावर नख रोवून वर चढायचं असतं. रंग, वॉर्निश आतून अजिबात नको. बाहेरून लावायचंच असेल तर जवसाचं तेल पुरे.

फळी कुठून आणायची, तर आपल्याकडं रांजणगाव आणि कुरकुंभ या दोन एमआयडीसी आहेत आणि त्यांच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडं पॅलेटच्या फळ्यांची चळत लागलेली असते. एका खोक्यापुरतं लाकूड ५० ते १०० रुपयांत सुटतं. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि इंग्रजी अक्षरं डागलेली असतात. 'एचटी' असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, म्हणजे चालेल. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनं धुरी दिलेलं, ते जाळायलाही आणू नका. आणि कुरकुंभ हा रासायनिक कारखान्यांचा पट्टा आहे. फळीवर डाग किंवा उग्र वास असेल तर फुकट मिळाली तरी नको.

नवं प्लायवूड घेतलं तर १२ मिलिमीटरचं साधारण ६० ते ११० रुपये चौरस फूट पडतं, आणि खोक्याला अडीच चौरस फूट लागतं. स्क्रू, एक बिजागरी आणि हूक यांचे ३०-४० रुपये. मजुरी हाच खरा हिशेब. एकटा खोका करून मागितलात तर मिस्त्री दीडशे-दोनशे रुपये घेणार, आणि ते रास्त आहे, कारण त्यांची अर्धी सकाळ जाते. चार शेजारी मिळून दहा खोके सांगितले तर एका दिवसाच्या हजेरीत, म्हणजे ९०० ते १००० रुपयांत काम होतं, खोक्यामागं शंभर रुपये. ३२ मिलिमीटरचा होल सॉ मिस्त्रींकडं नसला तर हार्डवेअरच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. तो स्वतः विकत घेऊन द्या. नाहीतर मिस्त्री हाताशी असलेलं दीड इंचाचं पातं लावतील आणि 'सव्वाच आहे' म्हणतील. भंगारातली फळी धरली तर एकूण बेरीज २०० ते ३५० रुपये. किमती गावागणिक बदलतात, पण चिमणीच्या साध्या खोक्याला कुणी ७००-८०० सांगत असेल तर जास्तीचे पैसे रंगाचे आणि दांडीचे आहेत.

भिंत कोणती

यात एक पैसा लागत नाही आणि इथंच सगळं बिघडतं. दौंडचा उन्हाळा चाळिशीपार जातो. पश्चिमेच्या भिंतीवर किंवा पत्र्याच्या शेडला चिकटून लावलेला खोका एप्रिलमध्ये भट्टी होतो. पिल्लांना पंख फुटलेले नसतात, पळून कुठं जाणार? उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत, वर सज्जा, दुपारभर सावली, आणि उंची आठ ते दहा फूट. प्लास्टिकचे आणि पत्र्याचे खोके घेऊच नका, कितीही देखणे असोत. खोका घरात, पडवीत लावणार असाल तर पंख्यापासून दूर ठेवा. चिमण्या पंख्यात सापडून मरतात, हे आपल्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी पाहिलेलं आहे.

चिमण्या कळपानं राहतात, त्यामुळं दोन-तीन खोके शेजारी-शेजारी लावायला हरकत नाही. दयाळाचं उलटं. नर दयाळ आपल्या हद्दीत दुसरा दयाळ चालवून घेत नाही, अंगणाला एक खोका पुरे.

कधी लावायचा? २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या 'नेचर फॉरेव्हर सोसायटी'च्या पुढाकारानं तो २०१० पासून पाळला जातो. काम चांगलं आहे, पण त्या दिवशी वाटलेले खोके त्या हंगामाला जरा उशिराच भिंतीवर चढतात. चिमणी तशी वर्षभर केव्हाही अंडी घालते, तरी जोर उन्हाळ्याच्या सुरुवातीला असतो, दयाळाचा मार्च ते जुलै. पिंगळा तर हिवाळ्यातच जागा शोधायला लागतो. म्हणून दिवाळीनंतर खोका करायला टाका, संक्रांतीपर्यंत भिंतीवर असू द्या. पहिल्या वर्षी रिकामा राहिला तर जागा बदलायची घाई नको. माझा दुसरा खोका अकरा महिने रिकामा होता.

आत कोण आहे?

खोका न उघडता आतला पक्षी ओळखता आला पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. कायदा बाजूला ठेवला तरी, झाकण सारखं उघडलं तर मादी अंडी टाकून जाते.

सव्वा इंचाच्या भोकाशी संशयित फार नसतात. नर चिमणीच्या डोक्यावर राखाडी टोपी, कानामागं तपकिरी पट्टा आणि गळ्याखाली काळा बिब्बा. मादी मळकट भुरी, डोळ्यामागं फिकट रेघ. एक पाहुणा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे, रानचिमणी. शिरूरच्या माळांवर, बाभळी-लिंबांच्या ओळीत ती असते. अंग सपाट राखी-भुरं, पाठीवर रेघा नाहीत, नराच्या खांद्याला तांबूस छटा आणि गळ्यावर बोटानं टेकवल्यासारखा पिवळा ठिपका. झाडांच्या ढोल्यांत घरटं करते, शेताच्या कडेला लावलेल्या खोक्यातही येऊ शकते. याच पिवळ्या ठिपक्यानं सलीम अलींना पक्षिशास्त्रात आणलं. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली अशी वेगळी चिमणी घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले होते.

त्यांचीच दुसरी एक गोष्ट खोका बघणाऱ्याच्या जास्त कामाची आहे. चेंबूरला तबेल्याच्या भिंतीत चिमणीचं घरटं होतं, मादी आत, नर बाहेर खुंटीवर. लहानग्या सलीमनं नर मारला. थोड्या वेळानं त्याच जागी दुसरा नर. सात दिवसांत असे आठ नर मारले गेले, आणि दर वेळी रिकाम्या खुंटीवर नवा हजर. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यातून एक कळतं. दारात रोज दिसणारा चिमणा 'आपला तोच' असेल असं धरून चालू नका.

दोन-सव्वादोन इंचांचं भोक आणि सहा बाय सहा इंचांची खोली केली तर दयाळ किंवा साळुंकी येते. कधी भांगपाडी मैना येते, डोक्यावर मागं विंचरलेले काळे केस आणि तांबूस पोट. दयाळाचा नर काळा-पांढरा, मादी तिथं काळ्याऐवजी करडी, शेपटी दोघांचीही उभी. पहाटे पाचला गाणं सुरू झालं की तो दयाळ. त्याची गल्लत होते चिरकाशी. चिरकही काळा, शेपूट तसंच उभं, पण शेपटीखाली विटकरी रंग आणि पोट पांढरं नाही. चिरक खोक्यापेक्षा बांधाच्या दगडांत, विहिरीच्या भिंतीत रमतो, आणि घरट्यात सापाच्या कातेचे तुकडे अंथरायची त्याला हौस आहे. हुदहुद जुन्या गढीच्या, वाड्याच्या भिंतीतलं भोक धरतो. त्याच्या घरट्याला इतका घाण वास येतो, की नाकानंच ओळख पटते. मादी आणि पिल्लं शेपटीजवळच्या ग्रंथीतून तो सोडतात, शत्रूला दूर ठेवायला.

आत काय टप्पा चालला आहे, हे चोचीवरून समजतं. गवत, पिसं, दोरा असेल तर बांधकाम. मग तीन-चार दिवस सामसूम, मादी आत, नर बाहेर ओरडत बसलेला, म्हणजे अंडी. चिमणी ११ ते १४ दिवस उबवते. मग चोचीत हिरवी अळी दिसली की त्या दिवशी वहीत तारीख लिहा, पिल्लं बाहेर आली. त्यानंतर आई-बाप बाहेर पडताना चोचीत पांढरी, ओलसर पुडी नेताना दिसतील. ती पिल्लांची शी, पातळ आवरणात बांधलेली. साधारण पंधराव्या दिवशी पिल्लं उडतात. म्हणजे एका संसाराला महिना. पिल्लं पहिले दिवस दाण्यावर नाही, किड्यांवर वाढतात. तेव्हा अंगणातल्या वाफ्यावर फवारणी करायची आणि वर बाजरी टाकायची, यात काही अर्थ नाही. कोपऱ्यात थोडी मेथी-कोथिंबीर फुलायला सोडून द्या, खर्च शून्य.

बघायची साधनं

बाजारात दीड-दोन हजारांना 'झूम' दुर्बीण मिळते. ती घेऊ नका, धूसर दिसतं आणि डोकं दुखतं. घ्यायचीच तर ८×४० किंवा ८×४२, सात ते दहा हजार रुपये. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. पण अंगणातल्या खोक्याला दुर्बीण लागतेच असं नाही. वीस-पंचवीस फुटांवर खुर्ची टाकून बसलात की चिमण्या आठवड्यात तुम्हाला विसरतात. ऊस घराला लागून असेल, आणि घोड-भीमेच्या पट्ट्यात तो असतोच, तर अंधारात बाहेर खुर्ची टाकू नका. बिबट्याची भीती इथं गंमत नाही. दिवस उजाडल्यावर बसा, पक्ष्यांची ये-जा तेव्हाच जास्त असते.

मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेचं अॅप मोफत आहे, फोटोवरून आणि आवाजावरून नाव सुचवतं. सुचवतं, ठरवत नाही. नोंदी ठेवायला ईबर्ड, तेही मोफत. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' आणि ओळख पक्की करायला किरण पुरंदरे यांची पुस्तकं वाचनालयात शोधा.

कॅमेऱ्याची हौस असेल तर वायफाय कॅमेरा दीड ते अडीच हजार, मेमरी कार्ड चार-सहाशे. तो जानेवारीतच, खोका रिकामा असताना छपराखाली बसवायचा आणि खोका त्यासाठी तीन इंच जास्त उंच करायचा. अंडी घातल्यावर बसवायला जाल तर कॅमेऱ्यात रिकामं घरटंच दिसेल. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी कॅमेरा नको. दारावर काय चाललं आहे हे वाचायला आधी शिका, आतलं चित्र मग जास्त कळतं.

पाच हजारांचा भाडेकरू

ऊसवाल्यांसाठी एक मोठा खोका आहे, गव्हाणी घुबडाचा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, भोक सहा इंचांचं. १२ मिलिमीटरचं प्लाय अर्ध्या शीटहून थोडं जास्त लागतं. साहित्य आणि मजुरी मिळून दोन-अडीच हजार. जुन्या गोदामात, उंच शेडच्या आडव्या कैचीवर ठेवला तर एवढ्यावर भागतं. बांधावर खांब रोवून लावायचा तर पंधरा-अठरा फुटांचा जीआय पाइप, कॉंक्रीट, वर चढवायची मजुरी धरून पाच-सहा हजार. मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांत आणि इस्राएलच्या शेतांत उंदरांसाठी असे खोके वर्षानुवर्षं लावले जातात.

हे घुबड घू-घू करत नाही, फुसकारतं. तोंड पांढरं, बदामाच्या आकाराचं. खोक्याखाली काळपट, चकाकत्या गोळ्या सापडल्या की राहायला आलं समजा. न पचलेली हाडं आणि केस ते गोळी करून ओकतं. गोळी कोमट पाण्यात सोडवली तर उंदराची अख्खी कवटी हाताला लागते, शाळेतल्या मुलांना याहून चांगला धडा नाही. मात्र घुबड बसवायचं आणि ब्रोमाडायोलोनसारखं औषधही टाकायचं, असं करू नका. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो आणि पाच हजारांचा भाडेकरू तिथंच संपतो.

घुबड अशुभ मानतात, तेव्हा घरात विरोध होणार हे धरून चाला. आमच्याकडं पिंगळा बोलला तरी म्हातारी माणसं कान टवकारतात. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशननं डॉ. सतीश पांडे यांच्या पुढाकारानं घुबडांचा उत्सव भरवला, तो याच भीतीवर उतारा म्हणून. जखमी घुबड, खाली पडलेलं पिल्लू किंवा कुणी पोपटाची पिल्लं काढताना दिसलं तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा. चिमणीचं पंख फुटलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर मात्र आधी मांजर बांधा आणि लांबून बघा. बहुतेक वेळा आई-बाप जवळच असतात.

राहिली साफसफाई, वर्षातून एकदा, फुकट. पिल्लं उडून गेल्यावर दोन-तीन आठवडे कुणी फिरकत नाही याची खात्री करून, तोंडाला रुमाल बांधून खोका उतरवायचा. जुनं घरटं काढायचं, त्यात पिसवांसारखे बारीक किडे असतात. उकळतं पाणी ओतायचं, सावलीत वाळवायचं. फिनेल, पावडर काही नको. गेल्या नवरात्रानंतर मी मिस्त्रींचा तो दहा सुतांचा खोका उतरवला. आत गवताची गादी, कोंबडीची पिसं, सुतळीचे तुकडे, आणि मधोमध, वाटीसारख्या खळग्यात, कापसाच्या फुलवाती. सात मोजल्या. आई वर्षभर देवघरातल्या वाती कमी भरतात म्हणून माझ्या मुलीला रागवत होती.

खोका धुऊन वाळवून परत टांगला. दहाव्या दिवशी दारात काडी दिसली.